दुवा, अंगारा आणि मोजपट्टी

आजाऱ्यासाठी देवाकडे गाऱ्हाणे घालणे आणि त्याच्या अंगावर हात ठेवून दुखणे उतरवणे ही उपचारांची फार जुनी रूपे आहेत. भिवंडी तालुक्यात ती आजही चालू आहेत. शहरात दिवाणशाह दर्ग्यात मन्नत मागून चादर चढवली जाते. संध्याकाळच्या नमाजाच्या सुमारास मशिदीच्या दाराशी बायका तापलेली लेकरे कडेवर घेऊन उभ्या राहतात आणि बाहेर पडणारे नमाजी आयत म्हणून मुलावर हळूच फुंकर घालतात. याला दम करणे म्हणतात. तालुक्याच्या उत्तर टोकाला, तानसा नदीच्या काठाने, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावे आहेत. वज्रेश्वरीचे देऊळ नवसातूनच उभे राहिले असे परंपरा सांगते: चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर तो फेडला गेला. आदिवासी पाड्यांवर भगत अंगारा लावतो, उतारा टाकतो, विंचवाचे विष झाडतो.

यांतले गणेशपुरी देशाबाहेरही पोहोचले. दक्षिणेतून आलेले अवधूत वृत्तीचे भगवान नित्यानंद १९३० च्या दशकात या भागात स्थिरावले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी तेथेच समाधिस्थ झाले. ते फारसे बोलत नसत. त्यांनी नुसते पाहिले किंवा पाठीवर थाप मारली आणि दुखणे गेले, अशा कथा त्यांच्या भक्तांत भरपूर आहेत. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांनी गणेशपुरीत आश्रम उभारला आणि १९७० नंतर अमेरिका व युरोपचे दौरे करून शक्तिपात ही कल्पना तिकडे नेली. गुरूच्या स्पर्शाने, दृष्टीने, मंत्राने किंवा नुसत्या संकल्पाने शिष्यातली शक्ती जागी होते, अशी ही धारणा आहे. मुक्तानंद अनेकदा मोरपिसांच्या झुबक्याने साधकाला स्पर्श करीत.

गुडघे धरलेला एखादा माणूस गणेशपुरीला आठवडाभर राहिला आणि बरा होऊन परतला, तर श्रेय कोणाला द्यायचे? तो रोज कुंडातल्या कढत पाण्यात बसला, आणि ऊन पाण्याने आखडलेले सांधे काही काळ मोकळे होतात हे वैद्यकाला मान्य आहे. कामाचे ओझे आठवडाभर नव्हते. आरतीला बसून मन शांत झाले. सोबतीला समदुःखी भेटले. सांधेदुखीला मुळात चढउतार असतात आणि माणूस घराबाहेर पडतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे पुढचे दिवस उताराचेच असण्याची शक्यता जास्त. समाधीवर डोके टेकवल्याचा परिणाम या सगळ्यातून वेगळा काढायचा असेल, तर बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवून तेवढी एकच बदलावी लागते. प्रार्थना आणि हस्तोपचार यांवरचे सारे वैज्ञानिक संशोधन या एका अडचणीशी झगडत आले आहे.

कावीळ उतरवण्याचा प्रकार येथे उपयोगी पडतो, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र दिसतात. कावीळ उतरवणारा रुग्णाच्या अंगावरून हात फिरवतो, मग चुन्याच्या पाण्यात हात धुतो आणि पाणी पिवळे होते. रुग्णाला आणि घरच्यांना डोळ्यांदेखत कावीळ बाहेर पडल्याचे दिसते. आंब्याच्या सालीचा रस आधीच हाताला लावला असेल तर चुन्याशी संयोग होऊन तो पिवळा पडतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आहे. हातचलाखी उघडी पडली तरी एक प्रश्न उरतोच: मग इतके लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते, हे त्याचे उत्तर. उतरवणारा कोणीही असो, बरे होणारे बरे होतात. ज्याची कावीळ यकृताच्या गंभीर बिघाडाची किंवा पित्तनलिकेतल्या गाठीची असते, त्याचे मात्र मोलाचे दिवस यात निघून जातात.

हा गुंता सोडवण्याची रीत वैद्यकाने विसाव्या शतकात पक्की केली. एकाच आजाराचे पुष्कळ रुग्ण घ्यायचे, जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, एका गटाला उपचार द्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा नाही किंवा त्यासारखे दिसणारे काहीतरी द्यायचे. कोण कोणत्या गटात आहे हे शक्यतो रुग्णाला कळू द्यायचे नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. वय, आजाराची तीव्रता, घरची परिस्थिती, श्रद्धा हे सारे चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जाते. मग जो फरक उरतो तो उपचाराचा.

उपचारात खरोखर दम असला की ही मोजपट्टी किती स्पष्ट बोलते, याचे उदाहरण कोकणातच आहे. लाल विंचवाचा दंश तिथे मुलांचे जीव घेत असे आणि मांत्रिक हाच पहिला वैद्य असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि नंतर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले. गंभीर दंशात पूर्वी पंचवीस-तीस टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण या औषधाने एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांचे चिठ्ठ्यांनी दोन गट केले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस मिळालेल्यांपैकी ९१ टक्के दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपैकी २३ टक्के. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. बहुसंख्य विंचू जीवघेणे नसतात आणि त्यांची कळ काही तासांनी उतरतेच. मांत्रिकाची कीर्ती त्या दंशांवर उभी होती.

प्रार्थनेला आकड्यांनी तपासण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ साली केला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी सारे राष्ट्र दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करते, तेव्हा राजे इतरांपेक्षा जास्त जगायला हवेत, असा त्यांचा तर्क. आकडे उलटे निघाले. राजघराण्यातल्या पुरुषांचे सरासरी आयुष्य सुमारे ६४ वर्षे भरले आणि सुखवस्तू वर्गांत ते सर्वांत कमी होते. तर्क चतुर खरा, पण कच्चा. राजांचे राहणे, त्यांच्यावरचे ताण आणि धोके वेगळे, आणि गॉल्टन यांच्याकडे चिठ्ठ्या टाकलेले गट नव्हते.

तसे गट प्रथम लक्षवेधी रीतीने पाडले सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. रँडॉल्फ बर्ड यांनी. हृदयविकार अतिदक्षता विभागातले ३९३ रुग्ण त्यांनी दोन गटांत वाटले. एका गटासाठी रुग्णालयाबाहेरचे श्रद्धाळू ख्रिस्ती लोक रोज प्रार्थना करीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रार्थनेच्या गटाला काही बाबतींत सरशी मिळाली आणि जगभर बातम्या झाल्या. बारकाईने पाहिल्यावर दिसले की दोन डझनांहून अधिक गोष्टी मोजल्या होत्या आणि फरक सहांमध्ये होता. मृत्यूंच्या संख्येत आणि रुग्णालयातल्या मुक्कामात फरक नव्हता. पुष्कळ गोष्टी मोजल्या की एकदोन ठिकाणी योगायोगानेही दान पडते. कॅन्सस सिटीतल्या ९९० रुग्णांच्या अभ्यासात (१९९९) एका नव्या गुणांकनपद्धतीने प्रार्थनेच्या गटाची स्थिती ११ टक्क्यांनी बरी निघाली, पण बर्ड यांची पद्धत वापरली तर तो फरक टिकला नाही.

योगायोगाचे हे सामर्थ्य इस्रायलमधले डॉ. लिओनार्ड लायबोविची यांनी फार मार्मिकपणे दाखवले. १९९० ते १९९६ या काळात रक्तातल्या जंतुसंसर्गाने दाखल झालेल्या ३३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी २००० साली चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटल्या आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे रुग्ण बरे होऊन घरी गेल्यावर किंवा मरण पावल्यावर काही वर्षांनी! तरीही प्रार्थनेच्या गटाचा ताप आणि मुक्काम कमी भरला. प्रार्थना काळात मागे जाते असे ज्यांना मानायचे नाही, त्यांनी नुसत्या आकडेवारीतल्या फरकावर भिस्त ठेवू नये, हा त्या प्रयोगाचा रोख होता.

२००१ मध्ये आलेला आणखी एक अभ्यास वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. दक्षिण कोरियातल्या टेस्टट्यूब बेबी उपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी दूरदेशी प्रार्थना केल्यावर गर्भधारणेचे प्रमाण २६ वरून ५० टक्क्यांवर गेले, असा त्यात दावा होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे नाव असल्याने त्याला वजन आले. पुढे लेखकांपैकी डॅनिएल वर्थ याला दुसऱ्याच एका आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकाने अभ्यासावरून आपले नाव काढून घेतले. मूल होण्यासाठी आसुसलेल्या जोडप्यांना अशा आकड्यांनी काय आशा लावली असेल, याचा विचार केला की संशोधनातला खोटेपणा किती क्रूर असतो ते कळते. आपल्याकडे तर नवसाने मूल होण्याच्या समजुतीवर तुकोबांनी सतराव्या शतकातच नेमका घाव घातला होता.

सर्वांत मोठा आणि काटेकोर प्रयोग हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांचा. बेन्सन स्वतः ध्यान आणि प्रार्थनेचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे त्यांच्यावर आकसाचा आरोप कोणी करू शकत नाही. सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणार असलेले १८०२ रुग्ण तीन गटांत वाटले. पहिल्या दोन गटांना सांगितले होते की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना नक्की होणार असे सांगितले आणि ती झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस तीन ख्रिस्ती गटांनी नावे घेऊन प्रार्थना केली. २००६ साली निकाल आला. पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक असलेल्या तिसऱ्या गटात मात्र ५९ टक्के. आपली प्रकृती इतकी बिघडली आहे का की मुद्दाम प्रार्थना करावी लागते, या धास्तीने तसे झाले असावे, असा एक अंदाज मांडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकाराने नऊ केंद्रांतल्या ७४८ हृदयरुग्णांवर झालेल्या प्रयोगात ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू आणि बौद्ध अशा अनेक धर्मांच्या लोकांनी प्रार्थना केल्या होत्या. मुख्य निकषांवर तिथेही फरक दिसला नाही.

या प्रयोगांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. ज्या गटासाठी संशोधकांनी प्रार्थना करवली नाही, त्यांच्याही घरी आई, बायको, मुले देवापुढे बसलेली असणारच. त्यांना थांबवणे शक्य नाही आणि थांबवणे अमानुष ठरेल. म्हणजे प्रयोगात तपासले गेले ते एवढेच की, अनोळखी माणसांनी ठरवून घातलेल्या जादा प्रार्थनेने फरक पडतो का. दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा: ईश्वर हे औषध नव्हे, त्याची मात्रा ठरवता येत नाही. तो मान्य केला तर ‘प्रार्थनेने कर्करोग बरा होतो हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे सांगणाऱ्या पत्रकांनाही तोच नियम लावावा लागतो. जे मोजता येत नाही, त्याच्या नावाने मोजमापाचा दाखला देता येत नाही.

आता हातांकडे वळू. न्यूयॉर्कमधल्या परिचारिकांच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी १९७० च्या दशकात ‘थेरप्युटिक टच’ नावाची पद्धत सुरू केली. अंगाला हात न लावता काही इंचांवरून तो फिरवायचा आणि रुग्णाभोवतीचे ऊर्जाक्षेत्र सारखे करायचे. स्पष्टीकरणासाठी क्रीगर यांनी आपल्या योगशास्त्रातला ‘प्राण’ हाच शब्द उचलला होता. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत ही पद्धत शिरली. तिची परीक्षा घेतली एका नऊ वर्षांच्या मुलीने, शाळेच्या विज्ञान प्रकल्पात. एमिली रोझा हिने पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, त्याच्या भोकांतून उपचारकाला दोन्ही हात पुढे काढायला सांगितले आणि नाणे उडवून ठरवलेल्या एका हातावर आपला हात काही अंतरावर धरला. कोणत्या हातावर ऊर्जा जाणवते, एवढेच सांगायचे होते. २१ उपचारकांनी २८० प्रयत्नांत १२३ वेळा बरोबर सांगितले, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मे जमले असते. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने हा शोधनिबंध छापला. ऊर्जा आहे की नाही या वादात न शिरता, ज्यांचा सारा धंदा ती जाणवण्यावर आहे त्यांना ती जाणवते का, एवढा साधा प्रश्न त्या मुलीला सुचला, यात या प्रयोगाचे मोठेपण आहे.

जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली रेकी महाराष्ट्रातल्या शहरी मध्यमवर्गात पसरली. तिचीही तपासणी झाली आहे. स्नायूंच्या चिवट दुखण्याच्या १०० रुग्णांवरच्या एका अमेरिकी प्रयोगात (२००८) काहींना रेकीचे जाणकार मिळाले आणि काहींना तशाच हालचाली करणारे नट. दुखण्यात फरक पडला नाही. अशी तपासणी आपल्याकडेही करता येते, हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात दाखवले होते. विषय फलज्योतिषाचा होता. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून २७ ज्योतिषांनी तपासल्या, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर त्या प्रयोगात सहभागी होते.

प्रत्यक्ष स्पर्शाची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे संशोधनाचा सूर बदलतो. केसाळ त्वचेत सावकाश कुरवाळण्याला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की ते सर्वाधिक चेततात, आणि आईचा हात लेकराच्या पाठीवरून साधारण याच वेगाने फिरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ नवजात बालकांचे चिठ्ठ्यांनी दोन गट केले गेले. एका गटातल्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या त्वचेला त्वचा लावून ठेवले, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात. त्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमने वाढले, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांचे साडेपंधरा ग्रॅमने. अंग गार पडण्याचे प्रमाणही घटले. हा अभ्यास २००८ सालचा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत सुमारे ३२०० बालकांवर केलेल्या प्रयोगात, जन्मताच कांगारू पद्धत सुरू केल्याने पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाल्याचे २०२१ मध्ये दिसले. हातांनी जीव वाचतो, हे वाक्य येथे अक्षरशः खरे आहे. त्यामागे ऊब आहे, दूध आहे, आईपाशी राहिल्याने टळलेला संसर्ग आहे.

मोठ्यांच्या बाबतीतही असे धागे मिळतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल अशी धास्ती देऊन मेंदूचे चित्रण केले गेले. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची चळवळ कमी झाली, परक्याच्या हाताने तुलनेने थोडी. ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांच्यात फरक जास्त. जपाबद्दलचा सर्वांत देखणा प्रयोग इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांचा. जपमाळेवर म्हटली जाणारी लॅटिन प्रार्थना असो किंवा ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि त्या लयीत हृदय व रक्तदाब यांचे नियमन सुधारते, असे त्यांना २३ जणांत आढळले. तसबीह ओढणारा मुसलमान आणि नामस्मरण करणारा वारकरी यांच्या श्वासाला हे तितकेच लागू व्हायला हरकत नाही. साधनेचे असे शारीरिक परिणाम मोजण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या साहाय्याने योगक्रिया तपासायला सुरुवात केली होती.

मग दम केल्याने, अंगारा लावल्याने बरे वाटते ते खरे की खोटे? बरे वाटणे खरे असते. औषधाविना, नुसत्या अपेक्षेने वेदना कमी होते तेव्हा मेंदू स्वतःची अफूसारखी रसायने सोडत असतो. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांना त्या रसायनांचा मार्ग अडवणारे औषध दिल्यावर हा आराम नाहीसा झाला, तेव्हा हे प्रथम लक्षात आले. हार्वर्डचे टेड कॅपचक यांनी २००८ मध्ये पोटाच्या जुनाट विकाराच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. ज्यांना नुसते थांबायला सांगितले त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, ज्यांना खोट्या सुया टोचल्या त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना, आणि त्याच खोट्या सुया टोचताना ज्यांची आस्थेने चौकशी केली, शांतपणे ऐकून घेतले, त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. बाबाकडे किंवा देवरुषीकडे गेलेल्या बाईला निवांत अर्धा तास मिळतो, तिचे सासर-माहेर विचारले जाते, डोक्यावर हात ठेवला जातो. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टर तिच्याकडे मान वर करून पाहतीलच असे नाही. हा दोष श्रद्धेचा मानणे अन्यायाचे आहे.

पण बरे वाटणे आणि बरे होणे यांतले अंतर कोठे आहे, हे भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाला माहीत असायलाच हवे. मागाच्या खोल्यांत रुईचा धुरळा दिवसरात्र छातीत जातो आणि धाप, दमा, खोकला ही इथली नित्याची दुखणी आहेत. २०११ साली दम्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने खरा पंप, औषधाविना पंप, खोट्या सुया आणि काहीच नाही, असे चारही प्रकार मिळाले. ‘किती बरे वाटते’ असे विचारल्यावर पहिल्या तिन्ही प्रकारांत उत्तर जवळपास सारखे आले, ४५ ते ५० टक्के सुधारणा. फुंकून घेतलेले माप मात्र खऱ्या पंपाने २० टक्क्यांनी सुधारले, बाकी तिन्हींनी सुमारे ७ टक्क्यांनी. छाती आवळलेली तशीच असते आणि रुग्णाला मोकळे वाटत असते. क्षयाच्या जंतूवर तर आस्थेचा काहीच परिणाम होत नाही. त्याला सहा महिने नेमाने गोळ्याच लागतात, आणि ताईत बांधून घालवलेल्या प्रत्येक आठवड्यात तो खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडे जातो.

मनाच्या आजारांत ही रेषा इतकी ठळक नसते, म्हणून देवळे आणि दर्गे यांवरचे गंभीर संशोधन बहुतेक तिथेच झाले आहे. बंगळुरूच्या डॉ. आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या मुत्तुस्वामी देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी केली. मुक्कामाअखेर त्यांच्या लक्षणांचा गुणांक सुमारे २० टक्क्यांनी उतरला होता. तिथे झाडणे, मारणे, साखळदंड असे काही नव्हते. घरचे माणूस सोबत, देवळातली छोटीमोठी कामे आणि अंगण. तुलनेचा गट नसल्याने हा पुरावा अपुरा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात व्हिएडा स्कल्टन्स यांना १९८० च्या दशकात दिसले की घरातल्या आजाऱ्यासोबत आलेल्या बायकाच अंगात येऊन घुमतात आणि त्याचे दुखणे आपल्यावर ओढून घेतल्याचे मानतात. पुण्याच्या भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा मानसिक आघातातून सावरण्याच्या जागा म्हणून अभ्यास मांडला.

याच जागांची दुसरी बाजू ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिली. तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. महाराष्ट्रात दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे आणि बोटांनी शस्त्रक्रिया केल्याचा दावा करणे हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, धर्मस्थळी प्रार्थना यांना कायद्याने हात लावलेला नाही. संशोधनाने आखलेली सीमा आणि कायद्याने आखलेली सीमा या ठिकाणी जवळजवळ एकच आहेत.

श्रद्धास्थान आणि दवाखाना एकमेकांच्या आड येण्याऐवजी शेजारी बसू शकतात, याचेही अनुभव जमा होत आहेत. २०२० च्या कोविडच्या लाटेत खाटा अपुऱ्या पडल्या तेव्हा भिवंडीतल्या शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय झाली. गरजूंच्या घरीही सिलिंडर पोहोचवले गेले. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुवा’ नावाने उपक्रम चालतो: मुजावर दुवा देतात आणि आवारातच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडे रुग्णाला पाठवतात. मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिलेले असते. औषध दर्ग्याच्या हातून मिळाले की घरचे लोक ते अधिक सहज स्वीकारतात. या धर्तीवरचा काटेकोर प्रयोग घाना आणि नायजेरियात झाला. पारंपरिक आणि धार्मिक उपचारकांकडे आलेल्या ३०७ मनोरुग्णांपैकी काहींना उपचारकाबरोबरच आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची देखरेख आणि औषधे मिळाली, बाकीच्यांना नेहमीची व्यवस्था. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची लक्षणे स्पष्टपणे कमी होती. २०२० साली ‘लॅन्सेट’ने तो निकाल प्रसिद्ध केला. मंत्र, प्रार्थना आणि विधी दोन्ही गटांत चालू होते; फरक दवाखान्याच्या जोडीने पडला होता.